तिसरा खंड

कादंबरी यायची ग्रंथालयाच्या खोक्यातून,
तीन खंडांत, पानं न कापलेली.
कापायचं काम माझं.
हस्तिदंती सुरी, खाली पसरलेला रुमाल,
तरी कागदाचा बारीक भुसा
काळ्या झग्यावर पडायचाच, कोंड्यासारखा.
कापता कापता वाचायची मी.
चोरी म्हणा हवं तर.
कुणाचं लग्न मोडणार
ते बाईसाहेबांच्या आधी मला ठाऊक असायचं.

घरात मला आडनावानेच हाक : प्रिडी.
केझाया म्हणणारी माणसं सगळी
सॉमरसेटच्या मातीखाली.

बाईसाहेबांचं माहेर हॅलिफॅक्स,
बापाच्या तीन गिरण्या लोकरीच्या.
त्यांच्या हुंड्याने या घराचं छप्पर गळायचं थांबलं,
आणि त्याच छपराखाली
जाऊबाईंनी विचारलं एकदा, सूपाचा चमचा थांबवून, गोड हसून,
"मेंढ्यांचा वास कपड्यांतून पुरता जातो का हो?"

तेव्हापासून बाईसाहेब कादंबऱ्या वाचायच्या
नवी सून सासूची पाककृतींची वही वाचते तशा.
उतरवून घ्यायच्या :
भेट पंधरा मिनिटांची, सोळावं मिनिट गावंढळ.
कार्डाचा कोपरा दुमडला, म्हणजे स्वतः येऊन गेलो.
हातमोजे जेवताना काढावेत, भेटीला गेल्यावर नाही.
दुःख झालं तर खिडकीशी जावं,
पडद्याला हात लावावा,
पाठ खोलीकडे.

मे महिन्यातला गुरुवार, हाइड पार्क.
लेडी क्रेसिंगहॅमची बग्गी समोरून आली,
चाकाला चाक घासेल इतकी जवळून.
बाईसाहेबांनी मान लववली.
लेडींनी पाहिलं,
बाईसाहेबांच्या आरपार,
पलीकडच्या चेस्टनटच्या झाडाकडे.

दुसऱ्या खंडात नायिकेचं हेच होतं.
ती मूर्च्छित होते,
कुणी उमराव तिला वरच्या वर झेलतो.
आमच्या बग्गीत झेलायला मी एकटी,
तीही मांडीवर दोन छत्र्या घेऊन.
पण बाईसाहेब पडल्या नाहीत.
एक शब्द म्हणाल्या हॅलिफॅक्सच्या बोलीतला,
लोकर धुणाऱ्या बायका ओल्या हाताने
कपाळावरचे केस मागे सारताना म्हणतात तो.
मग गाडीवानाला, "घरी नको. आणखी एक फेरी."

तीन फेऱ्या झाल्या.
तिसऱ्या वेळी त्यांनीच आधी झाडाकडे पाहिलं
आणि मोठ्याने म्हणाल्या,
"प्रिडी, बहर काय छान आलाय यंदा!"
लेडींच्या टोपीवरचं पीस हललं.
वारा नव्हता.

तिसरा खंड सोमवारी आला.
मी सुरी घेतली.
नायिका पस्तावते, समुद्राकाठी झिजत जाते,
खोकल्याच्या दोन उबळींमध्ये सगळ्यांना क्षमा करते,
ज्यांनी मागितली नाही त्यांनाही.
मी हात आवरला.

"संपली?"
"शेवटची आठ पानं राहिलीत, बाईसाहेब."
"मरते ना?"
मी रुमालावरचा भुसा गोळा करत राहिले.
त्यांना ते पुरलं.
"राहू दे," म्हणाल्या,
आणि गिरण्यांच्या हिशेबाची वही पुढे ओढली,
बापाने नाताळात पाठवलेली, दोरीही न सोडलेली.
अंगठ्याला शाई लागली.
जेवणाची घंटा दोनदा झाली.

दुसऱ्या दिवशी खोका न्यायला पोऱ्या आला.
म्हणाला, "इथून थेट क्रेसिंगहॅमांकडे जायचंय,
चार निरोप आलेत त्यांचे, लेडींना शेवट हवाय म्हणे."
मी खंड आत ठेवला.
आठ पानं तशीच, एकमेकींना चिकटून,
ओठ मिटून बसल्यासारखी.
सुरी माझ्या एप्रनच्या खिशात होती.

झाकण लावलं मी.
त्यांच्याकडेही असेलच की एखादी प्रिडी.